कंट्रोलची कुंडी

आमच्या वहिनी डबा उघडताना श्वास रोखतात. डबा साखरेचा असो, पिठाचा असो, नाहीतर माझ्या घड्याळांच्या स्क्रूंचा. झाकण पूर्ण काढायचं नाही. एका बाजूने जरासं उचलून तिरकं धरायचं, हवं ते पटकन घ्यायचं आणि लगेच बंद. तेवढा वेळ तोंडातून शब्द नाही. नव्या पाहुण्यांना वाटतं, बाईंना दमा आहे की काय. दमाबिमा काही नाही, तब्येत चांगली खणखणीत आहे. फक्त उभा जन्म बुरशी वाढवण्यात गेला. काचेची बशी उघडताना बोललं की तोंडातले जंतू बशीत पडतात आणि आठवड्याची मेहनत पाण्यात जाते, म्हणून त्या धंद्यातली माणसं गप्प राहून झाकण उचलतात. वहिनींची ती सवय घरी येऊन डब्यांना लागली.

धान्य तपासणीच्या प्रयोगशाळेत त्या नोकरीला लागल्या, तेव्हा त्यांच्या आईने शेजारीपाजारी सांगितलं की मुलगी मोठ्या कचेरीत आहे. लेक दिवसभर तिथे करते काय, हे सांगायला त्या माउलीची जीभ रेटत नव्हती. लेक बटाटे उकडायची, त्या पाण्यात साखर आणि अगर नावाची थिजवणारी पूड घालून ते बशीत ओतायची, वर कुणाच्या तरी कोठारातला मका किंवा शेंगदाणा ठेवायची आणि काय उगवतंय याची वाट बघायची. उगवायचंच. काळं, हिरवं, कापसासारखं पांढरं. पिवळसर हिरवं उगवलं, तर ती पोती कुणाच्या पोटात जाता कामा नयेत असा शेरा जायचा, कारण त्या बुरशीचं विष माणसाचं यकृत पोखरतं.

पण वहिनींचा खरा जीव पुढच्या कामात. उगवलेल्या बुरशीला थांबवायचं कशाने? तेही खाणाऱ्याला बाधणार नाही आणि मातीत गेलं तर माती नासणार नाही अशा कशाने? मग लवंग, दालचिनी, ओवा, लसूण, मोहरी. शर्टाच्या बटणाएवढा गोल कागद लवंगेच्या तेलात बुडवून बशीच्या मधोमध ठेवायचा. बुरशी चहूबाजूंनी पसरत येते आणि कागदापासून थोड्या अंतरावर थबकते. मधे स्वच्छ, मोकळं कडं राहतं. मी एकदा ते बघायला गेलो होतो. "बघा भाऊजी, पुढे यायची हिंमत नाही तिची," असं म्हणताना वहिनींचा चेहरा चोराला दारातच पकडल्यासारखा फुलला होता. शेजारी दुसरी एक बशी होती. तिच्यात तीच बुरशी, पण कागद कोरा. ती काठोकाठ भरली होती. मी विचारलं, "हिने काय पाप केलं?" तर म्हणाल्या, "ती कंट्रोलची. जिला काहीच केलं नाही अशी एक बशी ठेवावीच लागते. नाहीतर आपण काय केलं ते कळणार कसं?"

दादाशी त्यांची गाठही बुरशीनेच घालून दिली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याची रोपवाटिका. एका वर्षी रोपं जमिनीलगत काळी पडून आडवी व्हायला लागली, तेव्हा बुरशीचा संशय येऊन तो मातीची पिशवी घेऊन त्याच प्रयोगशाळेत गेला. पिशवी धरायला मी. काउंटरपलीकडे वहिनी, म्हणजे वहिनी व्हायच्या आधीच्या. त्यांनी माती तपासली, पाणी कमी घालायला सांगितलं आणि पेरणीआधी मोहरीची पेंड मिसळून माती काही दिवस झाकून ठेवायला सांगितली. रोपं सुधारली. तरी दादा अधूनमधून मातीची पिशवी घेऊन हजर. शेवटी एक दिवस वहिनींनी पिशवी न उघडताच परत केली आणि म्हणाल्या, "मातीत काही नाही. तुमच्या मनात काय आहे ते सांगा." दादा पिशवीचा बंद गुंडाळत राहिला. मग मीच सांगून टाकलं. अजूनही दोघांचं भांडण झालं की दोघंही मलाच जबाबदार धरतात.

त्यांना मूल झालं नाही. "एक रोपं वाढवतो, एक बुरशी वाढवते, घरात माणसाचं पोर तेवढं नाही," असं कुणीतरी एकदा वहिनींच्या पाठीमागे म्हणालं. वहिनींनी ते ऐकलं. मागे न वळता म्हणाल्या, "आहे की. वरच्या मजल्यावर राहतं, घड्याळं दुरुस्त करतं." मी तेव्हा चाळिशीचा होतो. राग यायला हवा होता, पण मला फार बरं वाटलं.

प्रयोगशाळेतलं शहाणपण त्या स्वयंपाकघरात आणायच्या आणि तिथे कधीकधी फजिती व्हायची. पाव टिकावा म्हणून एकदा त्यांनी पिठात सढळ हाताने दालचिनी घातली. पाव फुगलाच नाही. दारात ठेवला असता तर दार वाऱ्याने आपटलं नसतं. वहिनी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "यीस्ट म्हणजेसुद्धा बुरशीच की हो! मी आपल्याच माणसाला मारलं." आम्ही तो पाव चहात बुडवून खाल्ला, कारण वहिनी समोर बसल्या होत्या.

मग दादाच्या किडन्या गेल्या. लांबण लावत नाही. बरेच दिवस यंत्रावर काढले, आणि शेवटी माझी एक किडनी त्याला बसवली. माझी त्याला जुळली याचं लोकांना नवल वाटलं. मला नाही वाटलं. लहानपणापासून त्याला माझं सगळंच जुळायचं, माझे बूटसुद्धा.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. "किडनी टिकावी म्हणून जी औषधं देतोय, ती यांच्या अंगातला पहारा ढिला करतात. बुरशीचे कण आपण सगळेच श्वासातून घेतो, आपल्याला काही होत नाही. यांच्या छातीत ते रुजू शकतात. तेव्हा माती, कुंड्या, कुजका पाला, जुनं धान्य, ओल आलेली भिंत, सगळ्यापासून लांब. मी सांगेपर्यंत." दादा खाली बघत होता. त्याच्या हयातीतल्या सगळ्या गोष्टींची यादीच बाईंनी वाचली होती. मग त्या वहिनींकडे वळल्या. "आणि तुम्ही काय करता?"

"मी बुरशी वाढवते," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंचं पेन जागच्या जागी थांबलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात नवा कायदा आला. वहिनी प्रयोगशाळेत कपडे बदलायच्या, घरी आल्या की खाली न जाता आधी माझ्याकडे वर यायच्या, माझ्या न्हाणीघरात डोक्यावरून आंघोळ करायच्या, पुन्हा कपडे बदलायच्या आणि मगच दादाच्या खोलीत जायच्या. माझा संध्याकाळचा चहा त्या न्हाणीघराच्या दाराबाहेर ताटकळायचा. रोपवाटिका एका ओळखीच्या माणसाला चालवायला दिली. भिंती खरवडून रंगवल्या. ओट्यावर, कपाटात, मोरीत लवंगेच्या तेलाचे बोळे फिरले, आणि घराला दातांच्या दवाखान्याचा वास लागला.

किडनी आपलं काम चोख करत होती. माझीच ती, शिस्तीची. पण दादाचं मन उडालं. अंगणाकडच्या बंद खिडकीजवळ खुर्ची टाकून तो बसायचा, हात मांडीवर उताणे ठेवून. नखांतली वर्षानुवर्षांची काळी रेघ गेली होती, तळवे मऊ आणि पांढरे पडले होते. एकदा ते माझ्यापुढे धरून म्हणाला, "हे बघ. कुणा दुसऱ्याचेच वाटतात." जेवण अर्धं टाकायचा. औषधं वहिनींनी हातावर ठेवली तर घ्यायचा, नाहीतर राहिली तर राहिली. मला सहन होईना. मी म्हणालो, "जगण्यात मन नसेल तर माझी वस्तू मला परत दे." त्याने मान हलवली. हसला नाही. पूर्वी या वाक्यावर त्याने मला उशी फेकून मारली असती.

वहिनी डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. "बुरशी नसलेली माती दिली तर? मी बशीवर तपासून दाखवते." बाई शांतपणे म्हणाल्या, "घरात नको. खिडकीबाहेर, काच बंद ठेवून काय करायचं ते करा." वहिनींना तेवढं पुरे होतं. मनाशी त्यांचं ठरलं होतं की आज काचेबाहेर, उद्या दादाच्या हातात. तीच एक आशा धरून त्यांनी दिवस ढकलायला घेतले.

दादाच्या रोपवाटिकेतल्या ढिगाची माती आणली. प्रयोगशाळेत ती वाफवली. मग लवंगेच्या तेलाचं पाणी, ओव्याचा अर्क, मोहरीची पेंड. आठवडाभर माती झाकून ठेवली आणि तिची चिमूट बशीवर टाकून वाट बघितली. बशी कोरी राहिली! वहिनी त्या दिवशी जिन्यावरून धावत आल्या, आंघोळीआधीच माझ्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊजी, एक ठिपका नाही!" कुंड्या भरल्या, टोमॅटोचं बी पेरलं, दादाच्या खिडकीलगत अंगणाच्या कठड्यावर मांडल्या. आणि सवयीने टोकाला एक कुंडी ठेवली तुलनेसाठी. तिच्यात ढिगातली माती जशी होती तशी, ना वाफ ना लवंग. कंट्रोलची कुंडी.

आता काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. पावाची गोष्ट मी उगाच सांगितली नाही. लवंगेच्या कुंड्यांत दोनचार कोंब आले, पिवळे पडले, बसले. बाकी बी उगवलंच नाही. आणि टोकाच्या कुंडीत रोप असं तरारून आलं की बघत राहावं. वहिनी कठड्यापाशी उभ्या राहून एका कुंडीकडून दुसरीकडे बघत होत्या. आतून, काचेपलीकडून, दादा वहिनींकडे बघत होता. वहिनींनी तिथूनच हात पसरले आणि मोठ्याने म्हणाल्या, "पुन्हा पाव केला मी!"

आणि दादा हसला. खांदे हलेपर्यंत हसला, डोळ्यांतून पाणी आलं. मी त्याला आवरायला धावलो, टाक्यांची जागा दुखेल म्हणून. वहिनी बाहेर काचेला कपाळ टेकून उभ्या होत्या. मातीतल्या वाईटाबरोबर चांगलंही मेलं, बीसुद्धा गुदमरलं, महिन्याची मेहनत वाया गेली, आणि त्या इतक्या आनंदात होत्या की प्रयोगशाळेतल्या कुणी बघितलं असतं तर नोकरीवरून काढलं असतं.

त्यानंतर खुर्ची तीच राहिली, पण माणूस बदलला. दादा त्या एका रोपावरून दिवसभर हुकूम सोडायचा. "अगं, पाणी बुडाशी घाल, पानांवर नको." "कुंडी जरा फिरव, एकाच बाजूला वाकतंय." वहिनी मास्क लावून बाहेर, तो आत, मधे काच. ऐकू येत नसे म्हणून दोघं हातवारे करायचे. शेजाऱ्यांना वाटलं असेल की मोठं भांडण चाललंय. ताटातलं संपायला लागलं. औषधांची वेळ तो स्वतः सांगू लागला.

एका दुपारी वहिनी कामावर होत्या आणि मी दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाइकाला पोचवायला गेलो होतो. जोराचा वारा सुटला. संध्याकाळी वहिनी आंघोळ करून खाली आल्या, गोळ्या देण्यासाठी त्यांनी दादाचा हात हातात घेतला, आणि तो तसाच धरून ठेवला. तर्जनीच्या नखाखाली बारीक काळी रेघ होती.

"खिडकी उघडलीत?"

"रोप पडलं होतं. बुंध्याशी माती उघडी पडली होती." दादाचा आवाज शाळेतल्या मुलासारखा झाला. "दाबली जराशी. हात धुतले लगेच."

"मास्क?"

त्याने खुंटीवरच्या मास्ककडे बघितलं. मला वाटलं आता वहिनी घर डोक्यावर घेणार. पण त्या त्याच्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "मला फार भीती वाटते हो. तुम्हाला कळत नाही किती वाटते ते."

"तेवढं एकच उगवलं होतं गं," दादा म्हणाला. "मी नुसता बघत बसू?"

वहिनींनी पर्समधून बंद पाकिटातली कापूसकाडी काढली. त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसेल, पण ती असते. नखाखालून ती फिरवली आणि परत बंद केली. डॉक्टरीणबाईंना फोन केला. बाई आधी रागावल्या, मग म्हणाल्या, तापावर लक्ष ठेवा, खोकला आला तर क्षणाचाही विचार न करता घेऊन या.

आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. मी पेपर मागायच्या निमित्ताने खाली जायचो आणि दादाचं कपाळ बघून यायचो. तोही समजायचा. "पेपर वरच आहे तुझा," म्हणायचा, आणि कपाळ पुढे करायचा.

मग एका संध्याकाळी न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येईना, म्हणून मी बाहेर डोकावलो. वहिनी जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, कामावरच्या पिशवीसकट.

"बशीत ती आली, भाऊजी. धुरकट हिरवी. हीच छातीत रुजते." त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. "मातीत असतेच ती. मला ठाऊक आहे, असतेच. मी सवयीने दुसऱ्या बशीत तिच्यामधे लवंगेचा कागद ठेवला. कडं पडलं. इतकं सुंदर कडं मी वर्षात बघितलं नव्हतं." आणि मग त्यांचा आवाज फुटला. "बशीत थांबते हो ती. यांच्या छातीत लवंगेचा कागद मी कुठे ठेवू?"

रडणाऱ्या माणसाशी काय बोलावं ते मला कधीच कळलेलं नाही. मी पाणी आणलं आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. त्या रात्रीचं जेवण मी केलं. कुणी नावं ठेवली नाहीत, यावरून काय ते समजा.

ताप आला नाही. खोकला आला नाही. तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडावर धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे." माझा जीव भांड्यात पडला. वहिनींनी मात्र फोटो मागून घेतला, स्वतः उजेडावर धरला आणि कोपरा न् कोपरा बघितला. मग बाईंना हळूच म्हणाल्या, "माती मारून नाही चालणार ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "हवा पण नाही मारता येणार. थोडे महिने जाऊ देत, औषधांचा डोस उतरू दे. मग हातमोजे, मास्क, आणि माती चिंब ओली. कोरडी असली की धूळ उडते. कुजक्या पाल्याला हात नाही. आणि माझं ऐकायचं." दादाने मान इतक्या जोरात हलवली की मला त्याच्या मानेची काळजी वाटली.

ते महिने गेले. टोमॅटो लागले, पिकले. धुऊन, शिजवून वहिनींनी दादाला वाढले. त्यातल्याच बियांची पुढची रोपं अंगणात आली, आणि बाईंनी परवानगी दिली तेव्हा त्यातलं एक मोठ्या कुंडीत हलवण्याजोगं झालं होतं. कुंडी तीच निवडली, टोकाची.

दादा अंगणात स्टुलावर बसला. हातमोजे कोपरापर्यंत. पाण्याचा मग धरून मी उभा. माती वहिनींनी इतकी भिजवली होती की चिखलच म्हणा. त्या दादाच्या खांद्याशी वाकून उभ्या होत्या, ओठ घट्ट मिटलेले. दादाने बोट मातीवर टेकवलं. थांबला. मग हळूच आत घातलं, पहिल्या पेरापर्यंत, दुसऱ्या पेरापर्यंत, आणि रोपासाठी जागा केली. अंगणात कुणी बोलत नव्हतं. मीही नाही, म्हणजे बघा.

मान न वळवता दादा म्हणाला, "अगं, श्वास घे आता. डबा नाहीये हा."

वहिनींनी श्वास घेतला. केवढा मोठा घेतला! मला वाटलं, डॉक्टरीणबाईंच्या पुढे बसलो होतो त्या दिवसापासून त्यांनी तो धरून ठेवला असणार. डोळे भरून आले होते, ते त्यांनी बाहीला पुसले. आणि दादाच्या चेहऱ्याकडे वाकून म्हणाल्या, "आधी तो मास्क नाकावर घ्या."